पाना सरळच होता

आलापल्ली, उन्हाळा १९८८

मनोहर यांस,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. लग्न झाल्यापासून तुमचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही. 'अहो', 'ऐकता का', फार झालं तर 'रंजूचे बाबा'. आज घेते. चिडायचंच आहे तर नाव घेऊन चिडावं, नाही का?

पत्र लिहायचा माझा काही विचार नव्हता. काल घरी तुमच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली आणि मग लोक एकेक करून बोलायला उठले. रेंजर साहेब उठले, तेंदूपत्त्याचे ठेकेदार उठले, एसटीचे कंडक्टरसुद्धा उठले. सगळ्यांचं एकच म्हणणं, 'मनोहरभाऊच्या हातात जादू होती.' मी पांढरी साडी नेसून, खाली मान घालून ऐकत होते. लोक जेवून गेल्यावर मागच्या दाराशी जोगा येऊन उभा राहिला. नाल्यापलीकडच्या टोल्यावरचा, त्या लहानशा पाड्यावरचा जोगा, बुधरीचा नवरा. त्याने जे सांगितलं ते ऐकून हे पत्र लिहायला बसले. काय सांगितलं ते लिहितेच, पण आधी माझं सगळं ऐकून घ्या. आता मध्येच उठून गॅरेजमध्ये जाता येणार नाही तुम्हाला.

तुमच्या त्या वंगणापासून सुरुवात करते.

मामंजी डेपोवर बैलबंडीने लाकूड ओढायचे. बंडीच्या आसाचं वंगण ते स्वतः घरी करायचे. टोळीचं तेल, म्हणजे मोहाच्या बियांचं, त्यात चुलीची काजळी, आणि उन्हाळ्यात गळू नये म्हणून थोडी राळ. बंडीसाठी ते चांगलंच होतं, मी कधी नाही म्हटलं? पण तुम्ही तेच डबडं गॅरेजात आणून ठेवलंत आणि गाड्यांच्या प्लगच्या आट्यांना चोपडायला लागलात! जिथे पेट्रोल पेटतं, तिथे! का, तर बाप लावत होता म्हणून. अहो, मामंजींनी आयुष्यात कधी प्लग पाहिला होता का?

जुन्या जीपगाड्यांना ते खपून गेलं. ज्यात प्लग बसतो ती हेडं त्यांची बिडाची, दणकट. वंगण जळून घट्ट बसलं तरी तुम्ही पान्याला पाइप अडकवून असा हिसका द्यायचात की प्लगला सुटावंच लागायचं. आणि बघणारे म्हणायचे, वा! पण मग नव्या मोटरसायकली आल्या, नर्सच्या फिरतीसाठी माझी मोपेड आली. त्यांची हेडं अॅल्युमिनियमची. अॅल्युमिनियम किती मऊ असतं हे घरात भांडी घासणाऱ्या बाईला माहीत असतं. तुम्हाला माहीत नसेल?

मी तुम्हाला कढई दाखवली होती. आठवतं का? उलटी करून, बुडाजवळचा काळा थर दाखवला होता.

"पाहा, तेल ओघळून जळलं का असं बसते. राखेनं घासू घासू थकली मी, निघते का? तुमच्या तेलात तं राळ हाय. ते याच्याहून घट्ट बसन."

"कढई अलग, इंजिन अलग. आता तू शिकवशीन मले?"

"शिकवत नाई, सांगून राह्यली."

"मग सांगून झालं ना? वाढ आता."

मी वाढलं. तुम्ही जेवलात, आणि ढेकर देऊन परत गॅरेजात गेलात.

रंजूचे डोळे दाखवायला चंद्रपूरला गेले होते, तेव्हा मी मुद्दाम स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानात सगळे पुरुष. मी काउंटरवर जाऊन विचारलं की प्लगच्या आट्यांना काय लावतात. दुकानदार आधी माझ्याकडे पाहतच राहिला, मग मात्र त्याने नीट समजावलं. साधं ग्रीस गरम झालं की पातळ होऊन जळतं. इंजिन ऑइल लावलं तर जळून त्याचा कोळसा होतो. मग त्याने ग्रॅफाइटच्या काळ्या ग्रीसची डबी पुढे केली.

"हे न्या बाई. ह्यातलं तेल जळलं तरी ग्रॅफाइट मागं राहते. पेन्सिलीत असते ना, तेच. त्याच्यानं आटे पकडत नाईत. पण काडीच्या टोकावर येईल तेवढंच लावा, अन् वरच्या आट्यांना. खाली ठिणगीच्या जागी गेलं तर गाडी सुरूच होणार नाई. अन् पाना हलक्या हातानं फिरवा. वंगण असलं का हाताले जोर समजत नाई."

मी ते सगळं बसमध्ये मनात घोकत आले. तुम्ही काय केलंत त्या डबीचं? शटरला लावली! शटर किती छान सरकायला लागलं! ठेकेदार बसला होता त्याला म्हणालात, "आमच्या बाईनं चंद्रपुरावरून शटरचं औषध आणलं. आता सुई टोचून गाड्याही बऱ्या करन." तो खो-खो हसला. तुम्ही हसलात. मी चहाचे कप उचलून आत गेले. लोकांना हसवायला तुम्हाला नेहमी मीच का सापडायची?

मोपेड माझ्यासाठी काय होती हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून जास्त राग येतो. त्याआधी मी औषधांची पेटी डोक्यावर घेऊन गावं पायी फिरत होते. गाडी आल्यावर पोरी रस्त्याच्या कडेला येऊन टाळ्या वाजवायच्या. सूरजागडच्या बाजूच्या डोंगरांकडे तोंड करून मी एकटी जायची आणि कुणाची वाट बघावी लागायची नाही. तुम्हीच शिकवलीत ती चालवायला. हँडल कसं धरायचं, काजळी धरलेला प्लग पॉलिश पेपरने कसा घासायचा, सगळं तुम्हीच दाखवलंत. पाना प्लगवर सरळ बसवायचा, तिरपा गेला तर आटे खराब होतात, हेसुद्धा तुमचंच शिकवणं. फक्त एक गोष्ट तुम्ही माझी ऐकली नाहीत. दर खेपेला जुना थर तसाच ठेवून त्यावर नवा थर थापत गेलात.

आता तो दिवस. तुम्ही कधी त्याबद्दल बोलू दिलं नाहीत, आज बोलते.

तेंदूपत्त्याचा हंगाम होता. गॅरेजात ठेकेदारांच्या गाड्यांची रांग, गावातले लोक पहाटेपासून जंगलात. जोगा धापा टाकत उपकेंद्रावर आला. बुधरीचं पहिलं बाळंतपण, कळा थांबून थांबून येत होत्या आणि टोल्यावरची सुईण घाबरली होती. मी पेटी अडकवली, जोगाला मागे बसवलं आणि निघाले. चढावर गाडी फटफट करून बंद पडली. मला काही वाटलं नाही. टू-स्ट्रोक गाडी, प्लगला काजळी धरली असणार. काढायचा, घासायचा, लावायचा. असं मी कितीदा केलं होतं!

पाना लावला. सरळ लावला. प्लग हलेना. थोडा वेळ गाडी गार होऊ दिली, परत लावला. जोगा गाडी धरून उभा राहिला, मी दोन्ही हातांनी जोर दिला. कर्रकर्र करत प्लग फिरला, आणि बाहेर आला तेव्हा त्याच्याबरोबर हेडमधले आटेच निघून आले! प्लगला गुंडाळलेली चकचकीत तार असावी तसे. भोक आतून गुळगुळीत. प्लग परत घातला तर बोटानेही आतबाहेर होत होता. मी तो तसाच हातात धरून उभी राहिले. जोगाने विचारलं, "बाई, आता?" मी म्हटलं, "चाल पायी."

रस्त्यावर एक गाडी नाही. सगळे ट्रक पानांच्या मागे. आम्ही पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. बाळाच्या गळ्याभोवती नाळ होती. मनोहर, अशा किती नाळा मी या हातांनी सोडवल्यात! आधी पोचले असते तर हीपण सोडवली असती. बुधरी वाचली. मुलगी होती.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढत आणली. आपल्या अंगणात आमच्या दवाखान्याचे डॉक्टर साहेब होते, जोगा होता, शेजारचे चार जण होते. तुम्ही प्लग हातात घेतलात. आट्यांवरचा काळा थर तुम्ही नखाने खरवडलात. मी तुमच्याकडेच बघत होते. वाटलं, आता बोलाल. बोललातही.

"पाना वाकडा धरला असन. बायकांच्या हाताले अंदाज नसते."

एवढंच! डॉक्टर साहेबांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "सिस्टर, मशीनच्या भानगडीत पडू नका, पायीच फिरत जा." जोगा माझ्याकडे न बघता निघून गेला. आणि तुम्ही? तुम्ही गॅरेजचं शटर वर केलंत.

मी घरात आल्यावर तुम्हाला विचारलं, "तुमचं वंगण होतं ना ते?" तुम्ही म्हणालात, "दुकान बसवाचं हाय का माझं?" त्यानंतर विचारलं की तुम्ही ताटावरून उठायचात.

तुम्हाला कल्पना आहे का, त्या एका वाक्याने माझं काय झालं? मला माहीत होतं की पाना सरळ होता. पण माणूस रोज तेच तेच आठवत राहिला की माहीत असलेलंही हलायला लागतं. भाजी चिरताना मनगट फिरायचं आणि मनात यायचं, थोडा तिरपा होता का? मीच जास्त जोर लावला का? बाळंतपणाला बसले की हात पुढे करताना क्षणभर थांबायचा. या हातांवर माझं सगळं आयुष्य उभं होतं, आणि तुम्ही गॅरेजची अब्रू राखायला ते खोटे पाडलेत. बुधरीच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी डॉक्टर साहेबांना सांगून तो टोला दुसऱ्या नर्सकडे दिला. तेव्हाही तुम्ही गप्प!

मोपेडचं हेड तुम्ही चंद्रपूरला नेऊन भरून आणलंत, नवे आटे पाडून आणलेत. त्यानंतर माझ्या गाडीच्या प्लगला कधी ते वंगण लावलं नाहीत. मला वाटलं, घाईत राहून गेलं असेल. गिऱ्हाइकांना मात्र थापतच राहिलात. त्यांनी विचारलं असतं ना, की मनोहरभाऊ, वंगण का बदललं?

आणि तुमचा ताप. घरात मलेरियाच्या काचपट्ट्यांची पेटी, बायको गावोगाव लोकांच्या बोटाला टोचत फिरते, आणि नवरा म्हणतो, "घरातल्या घरात पेशंट काऊन बनवतं मले?" बोट पुढे केलं नाहीत. हुडहुडी भरली तरी गॅरेजात जाऊन बसलात. शुद्ध हरपल्यावर मी तुमचं बोट धरून टोचलं, गोळ्या कुटून तोंडात घातल्या, जीप मागवली. ताप डोक्यात चढला होता. तिथेही मी सांगितलेलं ऐकायचं नव्हतंच तुम्हाला! रंजू रडून रडून विचारते, आई, तू नर्स असून बाबा कसे गेले? काय सांगू तिला?

तर काल जोगा आला. पळसाच्या पानात चारोळी बांधून आणली होती. आत ये म्हटलं तर येईना. दारातच बसला. मग खाली बघत म्हणाला,

"बाई, तुझा मनोहरभाऊ आमच्या टोल्यावर आला होता."

मी म्हटलं, "कधी?"

"आमची पोरगी गेली ना, त्याच्यानंतर. पाऊस लागाच्या आधी. एकटा आला. बुधरीच्या समोर खाली बसला. बोलला, चूक माझ्या तेलाची होती, बाईची नाई. बाईनं पाना बरोबर धरला होता. खूप रडला."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काही चूक होते आहे. मी परत विचारलं. त्याने परत तसंच सांगितलं.

"मग तुमी काय केलं?"

"काय करावं? बुधरीनं आंबील देल्ली. त्यानं पेल्ली. मग येत राहे कधी कधी. टोल्यावरच्या साऱ्या सायकली त्यानंच दुरुस्त केल्या."

"अन् मले कोणी काऊन नाई सांगितलं?"

"त्यानं शपथ घातली होती. बोलला, बाईले सांगू नका. तिले समजलं तं मले सोडून जाईन."

मी उंबऱ्यावरच बसले. जोगाने चारोळीची पुडी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाला, "आता तोच गेला. आता तू त्याले कुठी सोडून जाशीन? म्हणून सांगितलं."

मनोहर, हे वाक्य मी कालपासून किती वेळा ऐकते आहे! जोगाला कळलं, आणि तुम्हाला कळलं नाही?

तुम्ही तिथे जाऊन रडलात. बुधरीसमोर खाली बसलात, आंबील प्यायलात. तुमचं मन मोकळं झालं. आणि संध्याकाळी घरी येऊन माझ्या हातचं जेवलात, आणि माझ्या तोंडावर गप्प बसलात! ज्या बाईचं मूल गेलं तिने तुम्हाला जेवू घातलं. ते तिचं मोठं मन. पण माझं काय? सगळ्या टोल्याला ठाऊक होतं की माझा पाना सरळ होता. फक्त मला ठाऊक नव्हतं. मी इकडे स्वतःचं मनगट तपासत बसले होते आणि तुम्ही तिकडे सायकली दुरुस्त करत होतात!

सोडून जाईन म्हणे. इतकंच ओळखलंत मला? सांगते काय झालं असतं. मी भांडले असते. भांडी आपटली असती. रंजूला घेऊन बहिणीकडे गेले असते आणि परतही आले असते, कारण तिथे मला करमत नाही हे तुम्हाला माहीत होतं. अंगणात सगळ्यांसमोर ओरडून म्हटलं असतं, बघा, मी सांगितलं होतं! आणि मग रात्री तुमच्या शेजारी बसून त्या पोरीसाठी रडले असते. दोघं रडलो असतो. ते तुम्ही मला मिळू दिलं नाहीत. एकट्याने रडून आलात. याची माफी नाही, मनोहर.

जोगा केवळ हे सांगायला आला नव्हता. बुधरीला परत दिवस गेलेत, महिने भरत आलेत. नवी नर्स नाल्यापलीकडे फारशी जात नाही. जोगा म्हणाला, "बुधरी बोलली, आपली बाईच पाहिजे. तू आमच्यावर रागावली म्हणून येत नाई, असं वाटे आमाले."

मी त्यांच्यावर रागावले! ऐकलंत? हेही तुमच्यामुळे.

आज सकाळी मी गॅरेज उघडून मोपेड बाहेर काढली. प्लग काढला, अगदी सहज निघाला. पुसला, घासला. त्या डबीच्या तळाशी उरलेलं ग्रॅफाइटचं ग्रीस काडीच्या टोकाने वरच्या आट्यांना लावलं. बोटांनी फिरवत पूर्ण आत नेला आणि मग पान्याने हलकेच आवळला. हात थांबला नाही. समोरच्या पानठेल्यावरचे सगळे बघत होते. एकाने विचारलं, "बाई, भाऊचं वंगण नाई लावत का?" मी त्याला सगळं सांगितलं. तुमचं नाव घेऊन, कढईपासून आंबिलीपर्यंत. तो तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. संध्याकाळपर्यंत आलापल्लीभर होईल. होऊ द्या.

डॉक्टर साहेबांना अर्ज देऊन ठेवलाय की तो टोला मला परत द्या. ते देवोत न देवोत, मी उद्या निघते. रंजूला बहिणीकडे ठेवते आणि बुधरीचे दिवस भरेपर्यंत तिच्याच घरी राहते. या खेपेला कुणाला मला बोलवायला धावत यावं लागणार नाही. तिच्या कळा सुरू होतील तेव्हा मी तिच्या उशाशी असेन. हे वचन जोगाकडून तिला दिलंय, तुम्हाला नाही.

तुम्हाला वेगळं वचन देते. तुम्ही तिथे जाऊन आलात आणि मला कळू दिलं नाहीत. आता मी जाते. मूल झालं की नाही, मुलगा झाला की मुलगी, माझ्या हातात आल्यावर ते रडलं की नाही, यातलं एक अक्षरही मी तुम्हाला कळवणार नाही. फोटोसमोर उभी राहून नाही, मनातल्या मनात नाही, परत पत्र लिहून तर नाहीच. तुम्ही विचारत बसा. न सांगितलेलं ओझं कसं असतं ते जरा तुम्हालाही कळू द्या.

तुमची बायको होते तेव्हाही आणि आताही,
सुमन